हद्द ठाऊक असलेली बाई

जगात कुठेही युद्ध पेटले, एखाद्या इस्पितळावर बॉम्ब पडला, की चर्चेत दोनच आवाज ऐकू येतात. पहिला म्हणतो, 'युद्धात जखमींना, कैद्यांना, नागरिकांना कसे वागवावे हे सांगणारे कसले जिनिव्हा करार घेऊन बसलात? बळी तो कान पिळी. कागदाच्या चिटोऱ्याने कधी रणगाडा थांबलाय का?' दुसरा कलमांचे आकडे फेकतो. अमुक कलम मोडले, तमुक कराराचा भंग झाला. आकडे फेकून झाले की कर्तव्य संपले, अशा समाधानात तो गप्प होतो. पहिल्याला कायदा थोतांड वाटतो, दुसऱ्याला मंत्र. दोघेही तावातावाने भांडतात, पण हा कायदा कुणी, कशासाठी आणि कोणत्या अनुभवातून लिहिला, हे विचारायचे दोघांपैकी एकालाही सुचत नाही.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवलेले बरे. युद्धाचा कायदा सर्रास मोडला जातो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो जिथे नसतो तिथे काय होते याचा हिशेब मांडला, की त्याची किंमत कळते. पण त्याच कायद्याचा आडोसा घेऊन तोंड मिटून बसणे हाही त्याचा मान राखणे नव्हे. कायदा संपतो तिथून पुढे बोलण्याची जबाबदारी सुरू होते, आणि ही हद्द सर्वांत आधी दिसते ती कायदा जाणणाऱ्यालाच. हा मुद्दा तत्त्व म्हणून मांडला की पोकळ वाटतो. म्हणून एका बाईंच्या हयातीच्या आधाराने मांडतो. त्यांचे नाव मार्गरीत फ्रिक-क्रामेर.

१८८७ साली जिनिव्हातल्या एका जुन्या, वजनदार घराण्यात जन्मलेल्या मार्गरीत क्रामेर कायदा आणि इतिहास शिकल्या, पुढे जिनिव्हा विद्यापीठात त्यांनी इतिहास शिकवलाही. घराण्याचा उल्लेख मुद्दाम केला. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती तेव्हा अशाच घरांतल्या लोकांची होती, आणि बाई त्या दारातून आत गेल्या त्यात आडनावाचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. आत गेल्यावर त्यांनी काय केले, हा वेगळा प्रश्न आहे. १९१७ मध्ये त्या समितीच्या पहिल्या स्त्री-प्रतिनिधी झाल्या, १९१८ मध्ये पहिल्या स्त्री-सदस्य. तोवर समितीला पंचावन्न वर्षे झाली होती.

'पहिल्या' या विशेषणापाशी मला मात्र थांबायचे नाही. पहिली बाई म्हणून हार घातला, की तिने काय विचार केला ते वाचण्याची जबाबदारी टळते. खरी गोष्ट सुरू होते १९१४ मध्ये, जिनिव्हाच्या म्युझे राथ या कलासंग्रहालयात. महायुद्ध सुरू होताच रेड क्रॉसने युद्धकैद्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय कचेरी उघडली होती, ती या इमारतीत थाटली गेली. बेपत्ता मुलाची, नवऱ्याची चौकशी करणारी पत्रे ढिगांनी येत होती. दुसरीकडून सरकारे कैद्यांच्या याद्या पाठवत होती. चौकशीचे एक कार्ड, यादीतल्या नावाचे दुसरे. खोक्यात ही दोन कार्डे एकमेकांना भेटली की एका घरी कळायचे, माणूस जिवंत आहे. अशी सुमारे सत्तर लाख कार्डे तयार झाली. काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्वयंसेवक स्त्रिया होत्या. क्रामेर आणि जाक शनव्हिएर हे दोघे दोस्त राष्ट्रांच्या कैद्यांचा विभाग पाहत.

युद्धाच्या कायद्याला कागद म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा या कार्डांकडे पाहावे. जमिनीवरच्या युद्धाचे नियम सांगणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीत युद्धकैद्यांबद्दल १७ कलमे होती. माहिती-कचेरी असावी असे त्यांत लिहिलेही होते. पण यादी किती दिवसांत द्यायची? कैद्याने घरी पत्र कधी लिहायचे? छावणी पाहायला बाहेरचे कुणी येऊ शकेल का, आणि आले तर कैद्याशी पहारेकऱ्याच्या गैरहजेरीत बोलू शकेल का? चार वर्षांच्या कार्डांनी दाखवून दिले, की माणसाचा जीव नेमका या बारीकसारीक प्रश्नांत अडकलेला असतो. १९२९ मध्ये जिनिव्हात युद्धकैद्यांचा नवा करार झाला. त्यात १७ ची ९७ कलमे झाली होती. कैदी छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवता यावे, हे त्यातले एक. बदला म्हणून कैद्यांना शिक्षा करायची नाही, हे दुसरे. साक्षीदाराशिवाय कैद्याशी बोलण्याची तटस्थ देशाच्या प्रतिनिधींना मुभा, हे आणखी एक. तो करार एकट्या बाईंनी लिहिला असे मी म्हणणार नाही. त्यामागे अनेक कायदेपंडितांचे काम होते. पण त्या परिषदेत समितीच्या बाजूने बसलेल्या लोकांत त्या होत्या, आणि कार्डांच्या खोक्यांतून उठून कलमांच्या टेबलाशी आलेल्या फार थोड्यांपैकी होत्या. हा कायदा वरून, एखाद्या उदात्त कल्पनेतून उतरलेला नाही. तो नोंदी ठेवणाऱ्या हातांतून वर गेला.

आता विरोधी बाजू. तिचा सर्वांत जोरकस मुद्दा असा: १९२९ मध्ये करार झाला आणि दहा वर्षांनी माणसाच्या इतिहासातले सर्वांत क्रूर युद्ध झाले. मग काय उपयोग झाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही, आकड्यांनीच द्यावे लागते. जर्मनी आणि इटलीच्या ताब्यात गेलेल्या ब्रिटिश-अमेरिकी कैद्यांपैकी मेले सुमारे ४ टक्के. जपानच्या ताब्यातल्यांपैकी सुमारे २७ टक्के. हे आकडे टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने नोंदवलेले आहेत. जर्मनीने करार स्वीकारला होता. जपानने सही केली, पण मान्यतेची मोहोर उठवली नाही. आणि सोव्हिएत संघाने करारात भागच घेतला नव्हता. जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, बरेचसे भुकेने आणि थंडीने.

यावर हुशार वाचक लगेच म्हणेल, यात कायद्याचे काय कर्तृत्व? हिटलरच्या लेखी स्लाव माणूस हीन होता म्हणून तो मेला. इंग्रज वाचला कारण जर्मन कैदीही इंग्रजांच्या ताब्यात होते. ही देवाणघेवाण झाली, कायदा कुठला? यातला पहिला अर्धा भाग खराच आहे. सोव्हिएत सरकारची सही असती तर सगळे वाचले असते, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. दुसरा अर्धा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. देवाणघेवाण कशाच्या मापाने करायची? तू माझ्या माणसाला नीट वागव, मी तुझ्याला वागवतो, यातले 'नीट' ठरवायचे कुणी? दोन्ही बाजूंना आधीच मान्य असलेली फूटपट्टी हवी, मोजायला तिसरा माणूस हवा, आणि त्याला छावणीत जाऊ देण्याचे बंधन हवे. हे सगळे करारात होते. स्वार्थ हा कायद्याचा शत्रू आहे असे आपण गृहीत का धरतो? शेताच्या बांधावरचा दगड काही शेजाऱ्याच्या प्रेमापोटी रोवलेला नसतो.

एक उदाहरण तर असे आहे, की ते वाचल्यावर 'बळी तो कान पिळी' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकी गणवेशात पकडले गेलेले ज्यू सैनिक जर्मन छावण्यांत बहुतांशी जगले. त्यांचा छळ झाला, काहींना वेगळे काढले गेले, अपवाद भयानक होते. पण बहुतेक जण जिवंत परतले. त्याच वेळी त्यांचे आईबाप, भाऊबहीण, मुले मारली जात होती. मारणारे राज्य एकच, द्वेष तोच. फरक एवढाच, की सैनिकासाठी करार होता, त्याच्या पाठीशी त्याचे सरकार होते. त्याच्या आईसाठी यातले काहीच नव्हते.

आईसाठी करार का नव्हता? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोचरा प्रश्न हाच. पहिल्या महायुद्धातच फ्रेदेरिक फेरिए नावाच्या डॉक्टरांनी जिनिव्हाच्या कचेरीत नागरिकांसाठी वेगळा विभाग उघडला होता. शत्रुदेशात अडकलेले, ओलीस धरलेले, हाकलून नेलेले नागरिक कुठल्याच यादीत नाहीत, हे त्यांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना पहिल्या वर्षीच दिसले होते. पुढे १९३४ मध्ये टोकियोत भरलेल्या रेड क्रॉसच्या परिषदेपुढे अशा नागरिकांच्या संरक्षणाचा मसुदा आला. ओलीस, हद्दपारी, नजरकैद यांबद्दलची कलमे तयार होती. हवी होती ती सरकारांच्या सह्यांसाठी एक परिषद. ती घ्यायला कुणालाही घाई नव्हती. अखेर १९४० च्या सुरुवातीला ती भरवायचे ठरत होते, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. युद्ध लागल्यावर हा मसुदा तात्पुरता तरी पाळा, असे समितीने सरकारांना विनवले. शत्रूच्या मुलखात युद्धाच्या पहिल्या दिवशी अडकलेल्या नागरिकांपुरता त्याचा थोडाबहुत उपयोग झाला. व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना तो लागू झाला नाही. तो कागद वेळेत कायदा झाला असता तर? खात्रीने काही सांगता येत नाही. पण 'कागदाने काय होते' म्हणणाऱ्यांनी, कागद नसल्याने काय होते याची एवढी मोठी नोंद डोळ्यांआड करावी?

कायद्यावर आणखी एक आक्षेप आहे. तो निंदकांचा नाही, सज्जनांचा आहे. युद्धाला नियम घालून तुम्ही युद्धालाच प्रतिष्ठा देता, असे शांततावादी म्हणतात. याच जातीची शंका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही घेतली होती. जखमींची काळजी स्वयंसेवी संस्थांनी अंगावर घेतली तर सरकारांची जबाबदारी हलकी होईल आणि युद्धे सोपी होतील, ही त्यांची भीती होती. ही शंका मी झटकणार नाही, तिच्यात दम आहे. पण नियम नसलेली युद्धे कमी झाली, असा काळ इतिहासात कुठे दिसतो? कुरुक्षेत्रावरही सूर्यास्तानंतर शस्त्र ठेवायचे, नि:शस्त्रावर वार करायचा नाही, असे ठरले होते, आणि अठरा दिवसांत जवळजवळ सगळे संकेत मोडले गेले. तरीही झोपेतल्या माणसांना मारणारा अश्वत्थामा आजही कपाळावरची जखम घेऊन फिरतो, असे आपण सांगतो. संकेतच नसता तर त्या रात्रीला पराक्रम म्हटले असते.

ती जखम देण्याचे काम कायदा प्रत्यक्षातही करतो. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख कॅनारिस याने लेखी हरकत घेतली होती, की सोव्हिएत संघाची सही नसली तरी युद्धकैद्यांना वागवण्याचे सर्वमान्य संकेत लागूच आहेत. जर्मन सैन्यदलांच्या वरिष्ठ मुख्यालयाचा प्रमुख कायटेल याने त्यावर शेरा मारला, की या शंका जुन्या, सरदारी युद्धधर्माच्या कल्पनेतून आल्या आहेत आणि इथे एका विचारसरणीचा नायनाट करायचा आहे. हरकत बाजूला पडली, माणसे मेली. चार वर्षांनी न्युरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात तोच कागद कायटेलविरुद्ध पुरावा म्हणून वाचला गेला. उशीर झाला होता, हे खरे. पण कायदा नसता तर वाचायला काय होते?

इथवर मी कायद्याची वकिली केली. आता दुसऱ्या आवाजाकडे, कलमांचे आकडे फेकून गप्प होणाऱ्याकडे वळायला हवे. त्याच्यासाठी तारीख आहे १४ ऑक्टोबर १९४२.

ऑगस्टमध्येच जागतिक ज्यू काँग्रेसचे प्रतिनिधी गेर्हार्ट रिग्नर यांनी जिनिव्हातून तार पाठवून युरोपातल्या ज्यूंच्या नि:पाताच्या योजनेची खबर बाहेर दिली होती. हद्दपारीच्या बातम्या समितीकडेही पोहोचत होत्या. समितीपुढे एका जाहीर आवाहनाचा मसुदा होता. तो वाचला तर आज हसू येईल आणि मग वाईट वाटेल, इतका तो मवाळ होता. ना जर्मनीचे नाव, ना ज्यूंचे. सर्व युद्धमान राष्ट्रांना उद्देशून, नागरिकांवरचे हल्ले, ओलीस, हद्दपारी अशा गोष्टींविषयी एक साधारण विनंती. हॉटेल मेत्रोपोलमध्ये बैठक भरली. मार्गरीत फ्रिक-क्रामेर यांनी बोलण्याची बाजू घेतली. इतर सदस्यांपैकी अनेकांचा कल आवाहन जाहीर करण्याकडेच होता. विरोधात उभे राहिले ते समितीचे सदस्य कार्ल बुर्कहार्ट आणि फिलिप एटर. एटर त्या वर्षी स्विस संघराज्याचे अध्यक्ष होते आणि समितीचे सदस्यही. आवाहन दप्तरात गेले.

गप्प राहण्याच्या बाजूनेही सबळ कारणे होती, हे मान्य करावेच लागेल. लाखो युद्धकैद्यांना पार्सले जात होती, छावण्यांना भेटी होत होत्या. हिटलर चिडला आणि दारे बंद झाली तर? स्वित्झर्लंड चारही बाजूंनी अक्ष राष्ट्रांनी (जर्मनी, इटली) आणि त्यांनी व्यापलेल्या किंवा त्यांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या मुलखाने वेढलेले होते. गुपचूप, खासगी विनंत्यांनी जास्त साधेल, असा बुर्कहार्ट यांचा युक्तिवाद होता. हाताशी असलेले खात्रीचे काम एका घोषणेसाठी पणाला लावायचे का? मी त्या खोलीत असतो तर ठामपणे काय म्हटले असते, मला माहीत नाही.

पण हा युक्तिवाद कायद्याचा नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे. ते राजकारण होते, कदाचित शहाणे राजकारण. त्याला 'तटस्थतेचे तत्त्व' म्हणणे ही मात्र शुद्ध फसवणूक, कारण हीच समिती ६ फेब्रुवारी १९१८ रोजी विषारी वायूच्या विरोधात जाहीरपणे बोलली होती. तेव्हाही युद्ध चालू होते, तेव्हाही कैद्यांच्या छावण्यांत जायचे होते, तेव्हाही दोन्ही बाजू चिडण्याचा धोका होता. तटस्थता बुडाली नाही. पुढे १९२५ मध्ये वायूवर बंदी घालणारा करार जिनिव्हातच झाला. मग चोवीस वर्षांत तत्त्व बदलले, की शेजारी कोण आहे ते बदलले?

त्या बैठकीची हकीकत सांगताना एक आळशी वाक्य हमखास येते: पुरुषांनी डोक्याने विचार केला, बायकांनी हृदयाने. समितीतल्या स्त्रिया बोलण्याच्या बाजूच्या होत्या हे खरे. पण त्या बाजूला पुरुषही होते, आणि फ्रिक-क्रामेर यांच्या भूमिकेला कनवाळूपणा म्हणणे हा त्यांच्या तीस वर्षांच्या कामाचा अपमान आहे. कार्डांच्या खोक्यांपासून १९२९ च्या करारापर्यंतचा रस्ता त्या चालून आल्या होत्या. कैद्याला कोणते कलम वाचवते आणि नागरिकाला वाचवणारे कलम कुठल्या टेबलावर सहीविना पडून आहे, हे त्यांना ठाऊक होते. कायद्याची हद्द ज्याला अंधुक दिसते तो म्हणू शकतो, 'आमच्या अधिकारात बसत नाही.' जिला ती रेघ स्पष्ट दिसते, तिला हेही दिसते, की रेघेपलीकडे माणसे उभी आहेत आणि त्यांच्यासाठी आता शब्दाखेरीज हातात काही नाही. मला तरी त्यांचा आग्रह भावनेपेक्षा अचूक वाचनातून आलेला वाटतो.

आवाहनाने किती जीव वाचले असते? बहुधा फार नाही. पोलंडमधल्या गॅस चेंबरचे दार जिनिव्हाच्या पत्रकाने उघडले नसते. पण 'बोलून काय होणार' या प्रश्नाला इतिहासात एकच उत्तर नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना पाठवून झाले होते. तेव्हा ऑशविट्झची बातमी स्विस वर्तमानपत्रांनी छापली, स्वीडनचा राजा, पोप, अमेरिकी अध्यक्ष यांचा दबाव आला, रेड क्रॉसचे अध्यक्ष माक्स हुबर यांनीही हंगेरीचा राज्यप्रमुख हॉर्थी याला लिहिले. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हॉर्थीने हद्दपारी थांबवली. आघाडी कोसळत होती, अमेरिकी विमाने बुडापेस्टवर येत होती, कारणे एक नव्हती. पण त्यातले एक कारण लोक बोलले हे होते, आणि बुडापेस्टमधले पुष्कळ ज्यू त्यामुळे युद्धाच्या शेवटापर्यंत तग धरू शकले. हाच मार्ग दोन वर्षांपूर्वी निरुपयोगी ठरला असता, हे इतक्या खात्रीने कुणी सांगावे?

फ्रिक-क्रामेर १९४६ मध्ये समितीतून बाहेर पडल्या. १२ ऑगस्ट १९४९ रोजी चौथा जिनिव्हा करार झाला आणि युद्धातल्या नागरिकांना पहिल्यांदाच पूर्ण करार मिळाला. ओलीस धरायला बंदी, व्यापलेल्या प्रदेशातून हद्दपारीला बंदी. पंधरा वर्षांपूर्वी टोकियोत मांडलेल्या कागदाची ओळख त्यात पटते. मधल्या पंधरा वर्षांची किंमत कशात मोजायची, ते ज्याचे त्याने ठरवावे. युद्धाचा कायदा कुचकामी म्हणणारे आज ज्या कलमांच्या भंगाची यादी पुरावा म्हणून दाखवतात, त्यातली अर्धी याच करारात आहेत.

आणि एक तपशील, जो मला अजून पचलेला नाही. राष्ट्रांनी युद्धात कसे वागावे याची कलमे घडवणाऱ्या या बाईंना स्वतःच्या देशात मत नव्हते. जिनिव्हा कँटनने (प्रांताने) स्त्रियांना मताधिकार दिला तो १९६० मध्ये, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. संघराज्याच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडावे लागले. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी रेड क्रॉसला तिसरे नोबेल मिळाले. १९४२ ची ती बैठक झाँ-क्लोद फावे या इतिहासकाराने १९८८ मध्ये तपशिलासह उलगडून दाखवली. म्हणजे त्या वारल्या तेव्हा, न पाठवलेल्या त्या कागदाची घडी मोडायला अजून पाव शतक होते.